गवत कापायच्या मशीनमध्ये चुकून डिझेल गेलं, तर आधी दोरी सोडा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पंपरूमच्या मागे एक लोखंडी रॅक आहे. त्यावर दोन पांढरे कॅन असायचे. दोन्ही पाच लिटरचे, दोन्ही मूळचे गोडेतेलाचे. एकात जनरेटरचं डिझेल, दुसऱ्यात गवत कापायच्या मशीनचं पेट्रोल. गणपतीला चार दिवस उरले होते, मांडववाला संध्याकाळी बांबू टाकणार होता आणि पावसानं लॉन घोट्याच्या वर गेलं होतं. माळीकाकांना यायला उशीर होता, म्हणून मीच शहाणपणा केला. हाताला लागला तो कॅन उचलला, नरसाळं लावलं, टाकी भरली आणि मशीन सुरू करायची दोरी ओढत बसलो. पंधरा-वीस वेळा तरी ओढली असेल. एकदा फुस्स झालं, थोडा पांढरा धूर आला, मग तेही नाही.

माळीकाका आले, टाकीचं झाकण काढून नाक खाली नेलं आणि म्हणाले, "साहेब, ह्याला वास येगळाच येतोय. ह्ये जनरेटरचं हाय."

त्या दिवशी मशीन उघडून, पुसून, पुन्हा सुरू करायला आम्हाला साडेतीन तास लागले. त्यातले तीन तास माझ्या त्या पंधरा-वीस दोऱ्यांचे. चूक टाकीतच थांबली तर टाकी रिकामी करून विसळली की काम संपतं. दोरी ओढलीत की डिझेल कार्बोरेटरमध्ये (पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा भाग) आणि तिथून इंजिनच्या सिलिंडरमध्ये जातं. ओढतच राहिलात तर पिस्टनच्या कडेनं झिरपून खालच्या इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून शंका आली की हात दोरीवरून काढा, टाकीखाली छोटी तोटी असेल तर ती बंद करा आणि ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगवरची काळी रबरी टोपी ओढून बाजूला करा. टोपी काढल्याशिवाय मशीनच्या पोटाखाली, पात्याजवळ हात घालायचा नाही. इंजिन बंद असलं तरी पातं हातानं फिरलं आणि ठिणगी पडली तर बोटं जातील.

डिझेल नक्की काय करतं

पेट्रोलच्या इंजिनात इंधनाची आधी वाफ व्हावी लागते, मग प्लगची ठिणगी ती पेटवते. डिझेल जड आणि तेलकट. मुंबईच्या दमट उकाड्यातही त्याची पुरेशी वाफ होत नाही. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती तापून इंधन आपोआप पेटतं. आपल्या छोट्या मशीनमध्ये तेवढा दाब नसतोच. त्यामुळे डिझेल आत जाऊन नुसतं बसतं, प्लग ओला करतं आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं.

एक गैरसमज इथेच काढतो. डिझेल पेट्रोलमध्ये पूर्ण मिसळतं. पाण्यावर तेल तरंगतं तसा वेगळा थर होत नाही, म्हणून "वरचं वरचं काढून घेऊ" हा उपाय इथे चालत नाही. थोडंच डिझेल गेलं असेल तर मशीन धूर सोडत चालेलही, पण या मशीनची टाकी साधारण लिटरभराची. पेट्रोल शंभरीपार असलं तरी एक लिटर वाचवायला प्लग आणि कार्बोरेटर खराब करण्यात अर्थ नाही. सगळं काढा.

आधी खात्री करा

रंगावर जाऊ नका. प्लास्टिकच्या कॅनमध्ये महिनाभर राहिलेल्या पेट्रोलचा रंग काहीही दिसतो. कागदाची परीक्षा सोपी आहे. एका कोऱ्या पांढऱ्या कागदावर टाकीतला एक थेंब सोडा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. पेट्रोल उडून जातं, कागद जवळजवळ कोरा राहतो. डिझेल किंवा ऑइल असेल तर तेलकट, पारदर्शक डाग मागे राहतो, वड्याखालच्या वर्तमानपत्रावर राहतो तसा. पेट्रोल पंपावर ग्राहकानं मागितल्यावर फिल्टर पेपर द्यावा लागतो, तो याच परीक्षेसाठी. बोटांवर चोळून बघितलं तर पेट्रोल थंड लागतं आणि उडतं, डिझेल बोटांवर चिकटून राहतं आणि साबणानं दोनदा धुतलं तरी वास जात नाही.

जागा आणि सामान

हे काम उघड्यावर करायचं. पंपरूममध्ये नाही, स्टिल्ट पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधोमध नाही आणि मीटरबॉक्सच्या जवळ तर नाहीच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते आणि लांबच्या ठिणगीलाही सापडते. वॉचमनच्या केबिनमध्ये चहाची शेगडी असते, गेटपाशी गणपतीच्या फोटोसमोर उदबत्ती असते. दोन्ही आधी बघा. एक बादली वाळू जवळ ठेवा. इंजिन गरम असेल तर अर्धा तास गार होऊ द्या.

सामान फार लागत नाही. प्लगचा पाना (बऱ्याच मशीनला २१ चा बसतो, काहींना १६ चा), १० चा पाना, पक्कड, जुना टूथब्रश, सुती फडकी, दोन स्वच्छ डबे, नरसाळं, लिटरभर ताजं पेट्रोल आणि इंजिन ऑइलची बाटली. फडकी सुतीच घ्या, टेरिकॉटची नकोत. एखादा वायसर किंवा पेट्रोलची नळी तुटली तर मस्जिद बंदर स्टेशनवरून चालत नागदेवी स्ट्रीटला जावं. छोट्या इंजिनांचं किरकोळ सामान तिथे मिळून जातं.

टाकी रिकामी करणं

टाकीतून कार्बोरेटरकडे जाणारी रबरी नळी शोधा. कार्बोरेटरच्या टोकाला तिच्यावर एक छोटी स्प्रिंगची चिमटी असते. पक्कडीनं ती दाबून मागे सरकवा, नळीचं टोक डब्यात सोडा आणि तोटी उघडा. नळीपर्यंत हात पोचत नसेल तर हातानं दाबायचा प्लास्टिकचा पंप वापरा, पूर्वी रॉकेल काढायला घरोघरी असायचा तोच.

तोंडानं ओढू नका. आपल्याकडे स्कूटरमधलं पेट्रोल असंच काढतात, मीही कॉलेजात काढलंय. पण घोटभर पेट्रोल किंवा डिझेल ठसका लागून फुप्फुसात गेलं तर न्यूमोनियासारखा गंभीर आजार होतो. कुणी गिळलंच तर उलटी करायला लावू नका, उलटीच्या वेळी ते पुन्हा फुप्फुसात जाण्याची भीती असते. सरळ हॉस्पिटल गाठा.

टाकी रिकामी झाली की तिच्यात शंभरेक मिली ताजं पेट्रोल घाला, मशीन हळू डावी-उजवीकडे हलवा आणि तेही काढून टाका. हे दोनदा करा. काढलेल्या दुसऱ्या धुण्याचा एक थेंब कागदावर टाकून बघा. डाग राहिला तर तिसऱ्यांदा. टाकीच्या तळाला जाळीची गाळणी असेल तर टूथब्रशनं घासा.

तुम्ही दोरी एकदाही ओढली नसेल आणि तोटी बंद होती असं खात्रीनं सांगता येत असेल, तर नळी परत लावा, ताजं पेट्रोल भरा आणि कामाला लागा. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

कार्बोरेटरची वाटी

या भागाला नवखे घाबरतात. मी घाबरलो होतो. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन मी दहा मिनिटं नुसता बघत बसलो होतो, शेवटी माळीकाकांनीच पाना मागून घेतला.

एअर फिल्टरच्या मागे एक ॲल्युमिनियमचा तुकडा असतो आणि त्याच्या खाली आमटीच्या वाटीएवढी, किंबहुना थोडी लहानच, गोल वाटी लटकलेली असते. ती मधल्या एका बोल्टवर टिकलेली असते, बहुतेक वेळा १० च्या पान्याचा. खाली डबा धरा, बोल्ट सैल करा. वाटीतलं डिझेल पडेल. बोल्टच्या खालचा पातळ वायसर आणि वाटीच्या कडेची रबरी रिंग कुठे जाते ते बघा. दोन्ही हरवण्यात पटाईत असतात. आमचा वायसर गवतात पडला आणि तो शोधण्यात वीस मिनिटं गेली, म्हणून खाली जुनी चादर अंथरा. उघडताना प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो काढत जा. जोडताना तो आठवणीपेक्षा कामाला येतो.

वाटी पेट्रोलनं धुवून पुसा. वर एक हलका फ्लोट लोंबताना दिसेल. फ्लशच्या टाकीत बॉल असतो त्याचंच काम तो करतो, वाटी भरली की पेट्रोल बंद. तो वाकवू नका. मधोमध पितळेचा जेट असतो, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून आकाशाकडे बघा, उजेड गोल दिसला तर ठीक. कचरा असेल तर विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार घालून काढा. शिवणकामाची सुई घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मशीन जन्मभर जास्त पेट्रोल पिणार. स्प्रे क्लीनर मारणार असाल तर रबरी रिंग आणि फ्लोट आधी बाजूला ठेवा.

हे जमणार नसेल तर सरळ वाटी सोडवून, धुवून, परत लावा. नुसत्या डिझेलच्या चुकीला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पूर्ण कार्बोरेटर खोलायचा असेल तर जुन्या स्कूटरच्या मेकॅनिककडे न्या. जुन्या म्हणतो त्याला कारण आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम आल्यापासून नव्या दुचाकी बहुतेक इंजेक्शनच्याच, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या येतात आणि नव्या मुलांच्या हाताला कार्बोरेटरची सवय राहिलेली नाही.

प्लग आणि सिलिंडर

पाना लावून प्लग उलटा फिरवून काढा. आमचा काळा, ओला आणि डिझेलनं लडबडलेला होता. पेट्रोलमध्ये बुडवून टूथब्रशनं घासा आणि पूर्ण कोरडा करा. टोकाची फट बहुतेक छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनांना ०.७ ते ०.८ मिलीमीटर लागते. तुमच्या मशीनचा आकडा पुस्तिकेत असतो. प्लग जुनाच असेल तर नवा घाला, स्वस्त असतो.

प्लग बाहेर असतानाच, आणि फक्त तेव्हाच, दोरी ओढायची परवानगी आहे. भोकावर सैल फडकं ठेवा, तोंड बाजूला करा आणि आठ-दहा वेळा ओढा. आत साठलेलं डिझेल तुषारांसारखं उडून फडक्यात येईल. पुष्कळ मशीनला हँडलवर एक आडवा दांडा असतो, तो दाबून धरल्याशिवाय दोरी हलत नाही. तो दाबला की ठिणगीचं सर्किटही सुरू होतं. म्हणून प्लगची टोपी त्या भोकापासून जितकी लांब ठेवता येईल तितकी लांब ठेवा. मग अर्धा तास तसंच उघडं राहू द्या. आम्ही त्या अर्ध्या तासात चहा घेतला, वॉचमनच्या केबिनपासून लांब बसून.

दोरी अर्ध्यावरच दगडासारखी अडत असेल तर जोर लावू नका. मशीन चुकीच्या बाजूला कलंडून सिलिंडरमध्ये इंधन भरलं असण्याची शक्यता मोठी, आणि द्रव दाबला जात नाही. प्लग काढला की ती सैल होते.

ऑइल बघायला विसरू नका

ऑइलची काडी काढा, पुसा, परत घाला आणि बघा. पातळी पूर्वीपेक्षा वर गेली असेल किंवा काडीला डिझेलचा वास येत असेल तर डिझेल खाली उतरलंय. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही, सगळं बदलावं लागतं. अशा मशीनमध्ये साधारण अर्धा लिटर ऑइल मावतं, बहुतेकांना १०डब्ल्यू-३० चालतं. पुस्तिकेत आहे तेच घाला, घरातलं बाईकचं उरलेलं नको. मशीन कलंडवताना पेट्रोलची टाकी रिकामी असू द्या आणि एअर फिल्टर व कार्बोरेटरची बाजू आकाशाकडे ठेवा. उलट केलंत तर ऑइल फिल्टरमध्ये जातं आणि एक नवीनच दुखणं सुरू होतं. आमचा फिल्टर असाच भिजला. स्पंजचा होता म्हणून भांडी घासायच्या साबणानं धुऊन, वाळवून, चार थेंब ऑइल चोळून परत बसवला. कागदी असता तर फेकावा लागला असता.

परत सुरू करताना

सगळं जोडा, अर्धी टाकी ताजं पेट्रोल भरा, तोटी उघडा आणि दोन मिनिटं थांबा, वाटी भरू द्या. नळीच्या आणि बोल्टच्या जागी बोट फिरवून गळती बघा. चोक द्या आणि ओढा. चार-पाच ओढींत लागलं नाही तर थांबून प्लग काढा. प्लग ओला असेल तर पेट्रोल ओव्हर झालंय, पुसून चोक न देता ओढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही, म्हणजे तोटी, नळी किंवा जेट.

लागल्यावर पांढरा-निळसर धूर येणार, घाबरू नका. सायलेन्सरमध्ये बसलेलं डिझेल जळून जायला पाच-दहा मिनिटं लागतात. तोवर गवत कापायला लावू नका, नुसतं चालू द्या, आणि पहिल्या मजल्याच्या खिडक्यांपासून लांब उभं करा. आमच्याकडे वाळत घातलेल्या चादरींवरून एक वेगळी मीटिंग झाली.

दुसऱ्या काही चुका

टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये घालायचं ऑइल) मिसळलेलं पेट्रोल आपल्यासारख्या फोर-स्ट्रोक मशीनमध्ये, म्हणजे इंजिन ऑइल वेगळं असलेल्या मशीनमध्ये गेलं तर फारसं बिघडत नाही. धूर येतो, प्लग काळवंडतो. टाकी रिकामी करून साधं पेट्रोल भरलं की झालं.

याच्या उलटं मात्र महाग पडतं. खांद्याला अडकवायच्या ब्रश कटरमध्ये पुष्कळदा टू-स्ट्रोक इंजिन असतं आणि त्याला ऑइल मिळतं ते पेट्रोलमधूनच. साधं पेट्रोल घालून चालवलंत तर थोड्या वेळात पिस्टन तापून सिलिंडरला पकडतो. सुरू करण्याआधी लक्षात आलं तर काढून मिश्रण भरा, विषय संपला. चालवून झालं असेल तर ताबडतोब बंद करा, गार होऊ द्या, प्लग काढून दोरी अगदी हळू ओढून बघा. खरखर लागली तर पुढचं काम मेकॅनिकचं. मिश्रणाचं प्रमाण टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली ऑइल, २५:१ म्हणजे ४० मिली. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मापाचं झाकण यासाठी उत्तम.

ऑइलच्या भोकात पेट्रोल ओतलं गेलं तर इंजिन अजिबात फिरवू नका. सगळं ऑइल काढा, नवं भरा, प्लग काढून चार वेळा दोरी ओढा, तेही काढून टाका आणि पुन्हा नवं भरा.

पावसाळ्यात पाणी ही वेगळीच डोकेदुखी. हल्ली पंपावर मिळणारं पेट्रोल ई-२०, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि पाणी फार झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होतो. टाकीतून नळी जाते ती तळापासूनच. पारदर्शक बरणीत काढून बघा. खाली गढूळ थर किंवा मोत्यासारखे थेंब दिसले तर ते सगळंच पेट्रोल बाद. म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही एका वेळी दीड-दोन लिटरच्या वर आणत नाही. तेही झाकणाच्या पक्क्या कॅनमधून, कारण प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीत बरेच पंप पेट्रोल देत नाहीत, आणि बरोबरच करतात.

काढलेलं डिझेल-पेट्रोल कुठे टाकायचं

गटाराच्या जाळीत नाही. मुंबईत पावसाच्या पाण्याच्या गटारांचं पाणी नाल्यातून खाडीत नाहीतर समुद्रात जातं, वाटेत शुद्धीकरण नाही. जनरेटरमध्येही परत ओतू नका, पेट्रोल मिसळलेलं डिझेल त्याच्या पंपाला मारक असतं आणि जनरेटरवर लिफ्ट चालते. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, वर "खराब" लिहून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. आधी विचारा, काही जण घेत नाहीत. तेलकट फडकी उघड्यावर पसरून वाळवा. गोळा करून कोपऱ्यात टाकू नका.

कॅनचं म्हणाल तर आमच्या सोसायटीत जानेवारी आणि जुलैला फायरच्या फॉर्म बी साठी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा ठीक असल्याच्या दाखल्यासाठी, लायसन्सवाल्या एजन्सीचा माणूस येतो. त्यानं रॅकवरचे ते दोन कॅन बघून मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता डिझेल जनरेटरपाशी कुलपात असतं. पेट्रोलचा कॅन लाल, धातूचा, माळ्याच्या सामानाबरोबर वेगळा. मी दोन्हींवर मोठ्या अक्षरांत नावं लिहिली. माळीकाकांनी पेट्रोलच्या कॅनच्या कडीला आपल्या जुन्या टॉवेलची चिंधी बांधली. "अंधारात अक्षर कुठं दिसतंय," म्हणाले. ते खरंच आहे, कॅन आणायला माणूस सकाळी सहाला जातो आणि तिथला बल्ब वर्षातून आठ महिने गेलेला असतो.

एक सांगायचं राहिलं. टाकी रिकामी करताना नळी डब्यातून निसटली आणि ग्लासभर डिझेल लॉनवर सांडलं. आठवडाभरात तिथलं गवत ताटाएवढं पिवळं पडलं असतं, पण त्याच संध्याकाळी वर मांडव उभा राहिला. विसर्जनानंतर मांडव निघाला तेव्हा अख्खं लॉनच पिवळं होतं, त्यामुळे माझा डाग कमिटीत कुणाला कळला नाही. माळीकाकांनी मात्र तेवढ्याच जागेची माती फावड्यानं काढून, नवी टाकून, मेक्सिकन गवताचा तुकडा लावला आणि वर्गणीच्या वहीत "माती, एक पोतं" असं मला लिहायला लावलं.